किती रेणू पुरतात?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्या सरांनी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले. तेव्हा त्यांच्याच विषयातला, पण त्यांच्या उमेदीच्या काळात नीट मांडताही न आला असता असा एक प्रश्न मी आज तुमच्यापुढे ठेवणार आहे. एखाद्या रेणूची नुसती रचना पाहून, तो प्रत्यक्ष न बनवता, त्याचे गुणधर्म सांगायला यंत्राला शिकवता येते. तो पाण्यात किती विरघळेल, जिवाणू मारेल का, यकृताला बाधेल का, बॅटरीत टिकेल का, हे सगळे. हे शिकवायला यंत्राला किती रेणू दाखवावे लागतात? आणि त्याहून कमी रेणूंत भागवायचे असेल तर काय करावे?

संगणकाला इंग्रजी शिकवणाऱ्यांपुढे कोट्यवधी पाने आयती पडलेली असतात. मांजर ओळखायला शिकवणाऱ्यांना फोटोंची वाण नसते. रसायनशास्त्रात मात्र प्रत्येक उदाहरणामागे कुणीतरी रेणू बनवलेला असतो, शुद्ध केलेला असतो, मोजलेला असतो. एका संयुगापायी विद्यार्थ्याचे महिनेच्या महिने जातात, हे प्रयोगशाळेत काम केलेल्या कुणालाही सांगायला नको. इतक्या महाग उदाहरणांवर शिकायचे तर काटकसर हेच या क्षेत्राचे मूळ शास्त्र ठरते. ही काटकसर साधते ती मुख्यतः रसायनशास्त्र जाणल्याने, संगणकाचा आकार वाढवल्याने फारशी नाही, असे माझे ठाम मत आहे आणि तेच आज सोदाहरण सांगायचे आहे.

आधी पसारा किती आहे ते पाहू. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठात झाँ-लुई रेमों यांच्या गटाने २०१२ मध्ये एक यादी पूर्ण केली. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, गंधक आणि हॅलोजन एवढीच मूलद्रव्ये घ्यायची, हायड्रोजन मोजायचा नाही, आणि १७ अणूंपर्यंतचे जेवढे रेणू रसायनशास्त्राच्या नियमांत बसतात तेवढे संगणकाने मांडायचे. यादी १६,६४० कोटींवर गेली. याच हिशेबाने पॅरासिटामॉल ११ अणूंचे आहे, आणि कोलेस्टेरॉलसाठी कित्येक घरांत रोज घेतली जाणारी ॲटॉर्व्हास्टॅटिन ४१ अणूंची. म्हणजे औषधांचा मोठा प्रांत त्या यादीच्याही पलीकडे उरतो. यातले सगळे रेणू बनवून पाहणे कुणालाही, कधीही शक्य नाही.

मग गणिताने सोडवावे? १९२६ मध्ये श्रोडिंगरने समीकरण दिले. रसायनशास्त्राचे सगळे मूळ नियम आता हाती आले आहेत, अडचण एवढीच की ती समीकरणे सुटण्याजोगी नाहीत, असे डिरॅकने १९२९ मध्येच लिहून ठेवले. ती अडचण आजही तशीच आहे, फक्त तिला आपण आकडा लावू शकतो. अचूकतेसाठी प्रमाण मानली जाणारी 'कपल्ड क्लस्टर' पद्धत घ्या. रेणू दुप्पट मोठा झाला की तिचे काम १२८ पट वाढते. वॉल्टर कोन यांनी १९६४-६५ मध्ये पाया घातलेला घनता-फलन सिद्धांत, ज्याला सगळे डीएफटी म्हणतात, बराच स्वस्त आहे. तिथे ही वाढ साधारण आठपट होते. कोन आणि जॉन पोपल यांना १९९८ चे नोबेल मिळाले ते रसायनशास्त्राला असे हिशेब करता येऊ लागले म्हणून. पण आठपट म्हटले तरी लाखो रेणूंसाठी ते पेलत नाही.

इथे पुण्याचा उल्लेख करायलाच हवा. पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये 'मॉलिक्युलर टेलरिंग' नावाची पद्धत मांडली. मोठ्या रेणूचे एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचे गणित वेगळे करायचे आणि उत्तरे जोडताना सामाईक भाग दोनदा धरला जाणार नाही हे पाहायचे. संगणक बेताचे असताना हा मार्ग निघाला. तो चालतो, कारण रेणूच्या एका टोकाला काय घडते ते बहुतांशी त्याच्या आसपासच्या अणूंवरून ठरते. दूरच्या टोकाचा प्रभाव वेगाने क्षीण होत जातो. ही रासायनिक समज आहे. ज्याला ती आहे त्याला महागडा हिशेब टाळता येतो.

पुढे २००७ मध्ये योर्ग बेलर आणि मिकेले पारिनेलो यांनी न्यूरल नेटवर्क रेणूंवर चालवले, तेव्हा हीच समज त्यात आली. संपूर्ण रेणूची ऊर्जा एका घासात शिकायला सांगण्याऐवजी त्यांनी प्रत्येक अणूचा वाटा त्याच्या ठराविक त्रिज्येतल्या शेजाऱ्यांवरून काढायला सांगितला आणि वाटे बेरजेत मिळवले. याचा फायदा असा की लहान रेणूंवर शिकलेले यंत्र मोठ्या रेणूलाही हात घालू शकते. अमेरिकेतल्या रॉइटबर्ग आणि इसायेव यांच्या गटांनी २०१७ मध्ये 'एएनआय-१' हे प्रारूप शिकवले ते हायड्रोजन सोडून जेमतेम ८ अणूंपर्यंतच्या रेणूंवर, आणि तपासले मात्र त्याहून बऱ्याच मोठ्या रेणूंवर. लहान रेणूंचे हिशेब स्वस्त असतात, एवढे ध्यानात घेतले की या युक्तीचे मोल कळते.

आता शिकण्याच्या वेगाकडे वळतो, कारण सगळा खर्च तिथे ठरतो. उदाहरणे वाढवली की यंत्राची चूक कमी होते, पण फार चिकटपणे. पुष्कळदा चूक निम्मी करायला चौपट उदाहरणे लागतात. शिकण्याची रीत वाईट असेल तर सोळापट. आणि गाठायचे कुठे? रसायनशास्त्रज्ञ एका मोलमागे १ किलोकॅलरीची चूक चालवून घेतात, त्यापेक्षा जास्त नाही. हा आकडा मनाला येईल तसा ठरवलेला नाही. खोलीच्या तापमानाला सुमारे १.४ किलोकॅलरीचा फरक पडला की अभिक्रियेचा वेग दहापट बदलतो, म्हणून त्याच्या आत राहावे लागते. २०१२ मध्ये रुप, त्काचेंको, म्युलर आणि फॉन लिलिएनफेल्ड यांनी सुमारे ७ हजार लहान रेणूंवर यंत्राला ऊर्जा शिकवली, तेव्हा चूक १० किलोकॅलरींच्या घरात होती. दोनच वर्षांनी १,३३,८८५ रेणूंचा 'क्यूएम९' हा संच सर्वांसाठी खुला झाला, आणि २०१७ मध्ये गिल्मर आणि त्यांच्या गूगलमधल्या सहकाऱ्यांनी त्यातल्या लाखभर रेणूंवर शिकवून १३ पैकी ११ गुणधर्मांत अपेक्षित अचूकता गाठली. त्यांच्या आलेख-पद्धतीत अणू हे बिंदू, बंध या त्यांना जोडणाऱ्या रेषा, आणि प्रत्येक अणू शेजाऱ्यांकडून फेरीफेरीने माहिती गोळा करतो.

पण लाख रेणू! बहुतेक प्रयोगशाळांकडे मोजलेले रेणू काही शे असतात, फार तर काही हजार.

इथून पुढची गोष्ट मला सर्वांत सुंदर वाटते. इथॅनॉलचा रेणू घ्या. त्यात २ कार्बन, ६ हायड्रोजन, १ ऑक्सिजन, असे ९ अणू. या अणूंना १ ते ९ क्रमांक द्यायचे तर ते ३,६२,८८० प्रकारे देता येतात. रेणू तोच, पण संगणकाच्या कागदावर लाखो वेगवेगळ्या नोंदी. भोळ्या यंत्राला या सगळ्या नोंदी एकच आहेत हे उदाहरणांतून शिकावे लागेल, म्हणजे उदाहरणे निसर्गाच्या नियमावर खर्च होण्याआधीच आपल्या क्रमांक देण्याच्या सवयीवर खर्च होतील. २०१२ च्या त्या पहिल्या कामात ही अडचण होतीच, आणि तिच्यावर तोडगे काढावे लागले. शेजाऱ्यांची माहिती बेरजेने गोळा करणाऱ्या जाळ्यात ही अडचण उरत नाही, कारण बेरजेला क्रमाशी देणेघेणे नसते.

दुसरी तशीच गोष्ट दिशेची. इथॅनॉल तुम्ही टेबलावर कसाही फिरवून ठेवा, त्याची ऊर्जा बदलत नाही. अणूंवरची बले मात्र रेणूबरोबर फिरतात. हे आपल्याला न्यूटनच्या काळापासून ठाऊक आहे. मग ते यंत्राला उदाहरणांतून का शिकवावे, रचनेतच का घालू नये? हार्वर्डमध्ये बोरिस कोझिन्स्की यांच्या गटाने 'नेक्विप' नावाचे जाळे याच विचाराने बांधले. त्याचा प्रत्येक थर रेणू फिरला की नियमानुसार फिरतो. काही ठिकाणी जुन्या पद्धतींच्या हजाराव्या हिश्श्याइतक्या उदाहरणांत ते त्यांच्या बरोबरीला आले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शिकण्याच्या आलेखाचा उतारच बदलला: उदाहरणे वाढवली की चूक आधीपेक्षा वेगाने घसरू लागली. मोठा संगणक असा उतार बदलून देत नाही. तो फक्त त्याच उतारावर पुढे नेतो.

मात्र कोणती सममिती घालायची हे प्रश्न पाहून ठरवावे लागते. कार्व्होन नावाचा रेणू आहे. पुदिन्याला आणि बाळंतशेपाला त्यांचा वास देण्यात त्याचा मोठा वाटा आहे, आणि दोन्हींतले कार्व्होन एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा आहेत. ऊर्जा दोन्हींची अगदी सारखी. नाकाला मात्र दोन्ही वेगळे, कारण नाकातली प्रथिने स्वतःच एकाच हाताची आहेत. ऊर्जा शिकवताना आरशातली सममिती घातली तर निम्मे काम वाचते. वास किंवा औषधाचा परिणाम शिकवताना तीच घातली तर यंत्र कायमचे आंधळे होते. काही साध्या आलेख-पद्धतींत हा आंधळेपणा नकळत शिरतो आणि तो चुकीच्या आकड्यांतून लक्षातही येत नाही. थॅलिडोमाइडचा इतिहास ठाऊक असलेल्या माणसाला इथे सावध राहा म्हणून सांगावे लागत नाही.

एकाच हिशेबातून जास्त पिळून काढण्याचाही एक मार्ग आहे. डीएफटीने इथॅनॉलची ऊर्जा काढली की एक आकडा मिळतो. थोड्या जादा श्रमात प्रत्येक अणूवरचे बलही मिळते: ९ अणू, तीन दिशा, म्हणजे २७ आकडे. पूर्वी शिकवताना हे आकडे बहुधा वाया जात. बर्लिन आणि लक्झेंबर्गच्या संशोधकांनी २०१७ मध्ये बलांवर थेट शिकणारी पद्धत दाखवली, आणि एका रेणूच्या केवळ १,००० स्थितींवरून त्याची सगळी हालचाल सांगण्याइतपत यंत्र तयार झाले.

पुढचा प्रश्न निवडीचा. हाती पैसा आणखी शंभर मोजमापांपुरता आहे. कोणते शंभर रेणू घ्यावेत? सहज हाताला लागतील ते घेतले तर बहुतेक एकमेकांसारखेच निघतात. म्हणून एकाऐवजी काही यंत्रे स्वतंत्रपणे शिकवतात आणि ज्या रेणूविषयी त्यांचे आपसात पटत नाही तोच मोजायला पाठवतात. मोजला, की तो उदाहरणांत मिळवून पुन्हा शिकवतात, आणि फेरी चालू राहते. एएनआय गटाने २०१८ मध्ये असे करून पाहिले. आधीच्या, यदृच्छेने गोळा केलेल्या उदाहरणांच्या दहाव्या हिश्श्यात यंत्र जुन्याच्या बरोबरीला आले, आणि पाव हिश्श्यात त्याला बरेच मागे टाकून गेले. मला यात विद्येचा फार जुना नियम दिसतो: आपल्याला काय येत नाही हे ज्याला कळते, तो लवकर शिकतो.

स्वस्त आणि महाग ज्ञान एकत्र वापरण्याची युक्तीही अशीच उपयोगी आहे. महागड्या पद्धतीचे उत्तर सरळ शिकवण्याऐवजी स्वस्त आणि महाग उत्तरांतला फरक शिकवायचा. मोठा भाग स्वस्त गणितानेच काढून दिलेला असतो, उरलेला फरक लहान आणि सौम्य असतो, म्हणून थोड्या उदाहरणांत शिकता येतो. फॉन लिलिएनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये हे मांडले, आणि सी७एच१०ओ२ या एकाच सूत्राच्या ६,०९५ समघटकांवर कसून तपासले. एका सूत्राचे सहा हजार रेणू. त्यांच्यातले बारकावे ओळखणे ही यंत्राची खरी कसोटी होती. एएनआय गटाने २०१९ मध्ये दुसरी वाट घेतली. सुमारे ५० लाख डीएफटी हिशेबांवर यंत्र आधी शिकवले, मग निवडक ५ लाखांवर कपल्ड क्लस्टरने पुन्हा वळण लावले.

आता तुम्ही म्हणाल, मोठे संगणक असलेल्यांनी हा प्रश्न सोडवला नाही का? २०२५ मध्ये मेटा कंपनी आणि अमेरिकेतल्या बर्कली प्रयोगशाळेने मिळून १० कोटींहून जास्त डीएफटी हिशेबांचा संच खुला केला. त्याला प्रोसेसरच्या एका गाभ्याचे सुमारे ६०० कोटी तास लागले. एकच गाभा चालवला असता तर जवळजवळ पावणेसात लाख वर्षे. हे काम थोर आहे आणि ते सर्वांना फुकट दिले ही त्याहून थोर गोष्ट. आपल्यासारख्यांनी हेवा न करता ते वापरावे: तिथे शिकलेले यंत्र घ्यावे आणि आपल्या शे-दोनशे मोजमापांवर त्याला आपल्या प्रश्नाचे वळण लावावे. पण त्या संचात ऊर्जा आणि बले आहेत. क्षयाचा जिवाणू कोणत्या रेणूने मरतो, हे त्या पावणेसात लाख वर्षांतून निघत नाही. ते कुणीतरी मोजावेच लागते.

मोजमापाविषयी दोन गोष्टी स्पष्ट बोलायला हव्यात. पहिली, मोजमापालाच मर्यादा असते. विद्राव्यतेच्या बाबतीत चांगल्या प्रयोगशाळांच्या आकड्यांतही अर्ध्या लॉग-एककाची, म्हणजे जवळजवळ तिपटीची तफावत सहज आढळते. त्याहून अचूक उत्तर सांगणारे यंत्र कुणी दाखवले तर ते गोंधळ पाठ करते आहे असे समजावे. दुसरी गोष्ट परीक्षेची. वर्गात सोडवलेलीच गणिते आकडे बदलून पेपरात आली तर सगळी मुले हुशार ठरतात. रेणूंचे संच यदृच्छेने दोन भागांत विभागले की हेच होते: एकाच सांगाड्याची भावंडे शिकण्याच्या भागात आणि परीक्षेच्या भागात दोन्हीकडे जातात. म्हणून सांगाड्यानुसार विभागणी करतात, म्हणजे परीक्षेतला सांगाडा यंत्राने आधी पाहिलेलाच नसतो. स्टॅनफर्डमध्ये २०१८ मध्ये तयार झालेल्या 'मॉलिक्यूलनेट' या संचाने ही शिस्त पुष्कळांपर्यंत नेली. अशा परीक्षेत गुण बहुधा घसरतात आणि लेख कमी चमकदार दिसतो. तरीही माझ्या विद्यार्थ्यांना मी हीच परीक्षा घ्यायला लावतो, कारण औषध शोधणाऱ्याला नवा सांगाडाच हवा असतो. याच परीक्षेत आणखी एक गोष्ट वारंवार दिसते: उदाहरणे काही शेच असतील तर रेणूच्या तुकड्यांची साधी नोंद आणि रँडम फॉरेस्टसारखी जुनी पद्धत मोठ्या जाळ्यांच्या तोडीस तोड उतरते. ती आधी चालवून पाहावी. कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजात कॉर्विन हान्श यांनी १९६२ मध्ये मोजक्या फिनॉक्सीॲसिटिक आम्लांवरून वनस्पतींवरचा परिणाम सांगणारे समीकरण बसवले, तेव्हा त्यांच्या हाती दोनच राशी होत्या: हॅमेटने १९३७ मध्ये दिलेला इलेक्ट्रॉनांचा ओढा, आणि तेलकट द्रावकात व पाण्यात रेणू कसा वाटला जातो त्याचे प्रमाण. राशी योग्य निवडल्या होत्या, म्हणून मोजके रेणू पुरले.

शेवटचे उदाहरण थोडे सविस्तर सांगतो. एमआयटीमध्ये जेम्स कॉलिन्स आणि रेजिना बार्झिले यांच्या गटांनी २०२० मध्ये एका नव्या प्रतिजैविकाचा शोध जाहीर केला. त्यांनी २,३३५ रेणू घेतले, मुख्यतः मान्यताप्राप्त औषधे आणि काही नैसर्गिक पदार्थ, आणि प्रत्येकाने ई. कोलाय या जिवाणूची वाढ किती रोखली ते मोजले. त्यांतले १२० परिणामकारक ठरले. एवढ्यावर आलेख-जाळे शिकवले आणि मग त्याला सहा हजारांवर रेणूंचा दुसरा संग्रह चाळायला दिला. यंत्राने वर काढलेल्यांपैकी ९९ रेणू प्रत्यक्ष तपासले. ५१ जणांनी जिवाणू रोखला. त्यांतला एक पूर्वी मधुमेहासाठी तपासून बाजूला ठेवलेला होता. त्याला हॅलिसिन नाव मिळाले. तो नेहमीच्या कोणत्याही प्रतिजैविकासारखा दिसत नाही, जिवाणूच्या पडद्यावरचा विद्युत-रासायनिक तोल मोडून मारतो, आणि इतर औषधांना न जुमानणाऱ्या ॲसिनेटोबॅक्टरच्या संसर्गातून त्याने उंदरांना बरे केले. क्षयाच्या जिवाणूवरही तो प्रयोगशाळेत चालला. औषध म्हणून माणसापर्यंत पोचायला यापुढे पुष्कळ वाट आहे, हे खरेच. पण २,३३५ ही काही अमेरिकेलाच परवडणारी संख्या नाही.

आणि त्या २,३३५ मधले २,२१५ काहीच करत नव्हते. हे निष्फळ रेणू त्या १२० इतकेच गरजेचे होते; काय चालत नाही हे पाहिल्याशिवाय काय चालते हे यंत्राला कळत नाही. आपल्याकडे हेच निष्फळ निकाल कुठे जातात? प्रबंधात फसलेली संयुगे येत नाहीत, लेखात संपादक घेत नाहीत, आणि विद्यार्थी बाहेर पडला की वही कपाटात जाते. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत दरवर्षी एम.एस्सी. आणि पीएच.डी.चे विद्यार्थी नवी संयुगे बनवतात, त्यांची जिवाणूंवर, बुरशीवर चाचणी घेतात आणि बहुतेक वेळा काही हाती लागत नाही. ज्या डेटाची जगभर वाण आहे तो नेमका हाच. तो सांभाळायला महासंगणक लागत नाही. रेणूची रचना स्माइल्सच्या एका ओळीत लिहावी, ही लिपी डेव्हिड वाइनिंजरने १९८८ मध्ये दिली आणि ती एका दुपारी शिकता येते. आरशातल्या दोन रूपांपैकी कोणते, तेही त्याच ओळीत नोंदवावे. त्यापुढे जिवाणूची जात, मात्रा, द्रावक, तापमान, किती वेळा मोजले, आणि निकाल. 'परिणाम नाही' हाही निकाल म्हणून. ही नोंद प्रबंधाबरोबर जमा करायला लावावी आणि विद्यापीठाने ती खुली ठेवावी, एवढी मागणी मी इथे जमलेल्या प्राचार्यांकडे आणि विभागप्रमुखांकडे करतो. यंदा जमा होणाऱ्या प्रबंधांपासूनच हे सुरू करता येईल.